मांडीखालचा ससा

श्रावणात आमच्या गावात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. गाव मांजरेकाठचं, कळंब तालुक्यातलं. रात्रीची जेवणं उरकली की माणसं कंदील घेऊन यायची. पुरुष सभामंडपात बसायचे, बायका खांबांच्या मागं. एक जण ओवी वाचायचा, दुसरा तिचा अर्थ फोडून सांगायचा. एका वर्षी रामविजय, एका वर्षी पांडवप्रताप. श्रीधरस्वामींची ओवी इतकी सोपी, की ती फोडून सांगायची खरं तर गरज नसायची. पण सांगणाऱ्याला त्यात आपल्या पदरचं घालता यायचं आणि गावालाही ते हवं असायचं.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. मोठीमायच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, मांडीला टेकून बसायचो आणि निम्मी पोथी झोपेतच ऐकायचो. द्रौपदीला केस धरून सभेत आणलं त्या रात्री मात्र मी जागा होतो. अर्थ सांगणारे गृहस्थ भीष्मांवर रंगून बोलत होते. त्यांची प्रतिज्ञा, त्यांचं ब्रह्मचर्य, बापासाठी केलेला त्याग. बोलता बोलता ते श्वास घ्यायला थांबले आणि खांबामागून मोठीमाय म्हणाली, "मग म्हातारा कामून गप बसला?"

देवळात कुणीही हसलं नाही. त्या गृहस्थांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वाचणाऱ्याला म्हणाले, "हं, चला पुढं."

पुढं मी मराठीचा मास्तर झालो. तीसेक वर्षं पोरापोरींना वीरांच्या गोष्टी शिकवल्या. धीरोदात्त नायकाची लक्षणं फळ्यावर लिहून दिली. पण प्रत्येक वीरकथेपाशी आलो, की खांबामागून तोच प्रश्न ऐकू यायचा.

इंग्रजीतल्या 'शिव्हलरी'ला मराठीत नेमकं काय म्हणावं, हे मला कधी धड ठरवता आलं नाही. तो शब्द घोड्यावरून आला. फ्रेंचमध्ये घोडेस्वार तो शव्हालिए, आणि त्याच्या वागण्याची रीत ती शिव्हलरी. आपल्याकडं घोड्यावरचा माणूस म्हणजे शिलेदार, नाहीतर बारगीर. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. पण 'शिलेदारी' म्हटलं की चाकरीच डोळ्यांसमोर येते, शील येत नाही. उरला 'दाक्षिण्य' हा शब्द. तो गोड आहे, पण त्याची कुळी तपासली की जरा थबकायला होतं. संस्कृत नाट्यशास्त्रात नायकाचे अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट असे प्रकार सांगितले आहेत. त्यातला 'दक्षिण' तो, ज्याचं मन नव्या नायिकेवर जडलं तरी जुनीशी तो पहिल्यासारखाच गोड वागतो. म्हणजे स्त्रीदाक्षिण्याच्या मुळाशीच एक बाई दुखावलेली आहे, आणि तिला ते कळू न देण्याचं कसब आहे. हे लक्षात आल्यापासून मी तो शब्द जपून वापरतो.

वीरानं कसं वागावं, याचे सर्वांत सुंदर नियम मला महाभारतात भेटले. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही सैन्यं समोरासमोर येतात आणि आधी करार करतात. रथीनं रथीशी लढावं, पायदळानं पायदळाशी. जो शब्दांनी लढतो त्याला शब्दांनीच उत्तर द्यावं. पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र गळालेल्यावर, शरण आलेल्यावर वार करू नये. सारथ्यावर करू नये, जनावरांवर करू नये, शस्त्रं वाहून आणणाऱ्यांवर करू नये, भेरी आणि शंख वाजवणाऱ्यांवर तर नाहीच नाही. हे शेवटचं कलम शिकवताना मला दर वेळी भरून यायचं. एवढ्या मोठ्या संहाराच्या तोंडावर वाजंत्र्यांची आठवण ठेवणारा कुणीतरी त्या छावणीत होता.

पण हे नियम मोडले जावेत म्हणूनच व्यासांनी लिहिले असावेत, असं वाटण्याइतके ते मोडले जातात. शिखंडीला पुढं करून भीष्मांना पाडलं. सहा महारथींनी मिळून एकट्या अभिमन्यूला मारलं. द्रोणांना खोट्या बातमीनं हतबल केलं. कर्णाचं चाक रुतलं, दुर्योधनाची मांडी फुटली. आणि शेवटी अश्वत्थामा रात्री छावणीत शिरला आणि झोपलेली पोरं कापून आला. अठरा दिवसांत करारातलं एकही कलम शाबूत राहिलं नाही.

चाक रुतलेला कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण देतो तेव्हा कृष्ण त्याला जे विचारतो ते मोरोपंतांनी आर्येत असं बसवलं, की मराठीत त्याची म्हण झाली: 'तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म?' आमच्या भागात वाटणीच्या भांडणातही हे वाक्य ऐकू येतं. शाळेची पायरी न चढलेला माणूसही ते भावाच्या तोंडावर फेकतो. मला मात्र त्या प्रश्नाची एक बाजू कायम टोचत आली. तो कर्णाला विचारला, हे बरोबरच झालं. पण द्यूतसभेत बसलेल्या बाकीच्यांना तो कोण विचारणार? विदुर बोलला. कौरवांतला विकर्ण उठून बोलला, तो वयानं लहान म्हणून त्याला गप्प बसवलं. भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नेमकं उत्तर देता येत नाही. रणांगणावर वाजंत्र्यालाही न मारण्याचे नियम पाळू पाहणाऱ्या माणसाला घरातल्या सुनेपाशी आल्यावर मात्र धर्म सूक्ष्म वाटू लागला.

द्यूतसभेची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तीच बाई आणखी एका सभेत अशीच उभी राहिली होती, ते फार थोड्यांच्या ध्यानात असतं. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या घरी सैरंध्री म्हणून राहते, राणीची वेणीफणी करते. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागं लागतो. ती जीव घेऊन राजसभेकडं पळते, तर तो तिला भर सभेत केस धरून पाडतो आणि लाथ मारतो. राजा समोर बसलेला आहे. तो म्हणतो, तुम्हा दोघांचं माझ्यामागं काय भांडण झालं ते मला ठाऊक नाही, मग न्याय काय करू? कंक झालेला युधिष्ठिर तिला सांगतो, वेळकाळ न ओळखता नटीसारखी इथं रडत उभी राहू नकोस, आत राणीकडं जा.

मला विराटाची सभा कुरूंच्या सभेहून भयंकर वाटते. तिथं निदान राणीची विटंबना झाली म्हणून आभाळ हाललं, प्रतिज्ञा झाल्या, पुढं युद्ध झालं. इथं एका दासीला लाथ बसली, एवढंच. सभा थोडी हळहळली आणि कामाला लागली. बाई तीच, तिचा दर्जा तेवढा उतरलेला. सभेतल्या थोरांचं दाक्षिण्य माणूस पाहून जागं होत होतं, हे व्यासांनी एकाच बाईला दोनदा उभं करून दाखवलं.

त्या रात्री ती मुदपाकखान्यात जाते आणि बल्लव झालेल्या भीमाला हलवून उठवते. त्याला आपले हात दाखवते. चंदन उगाळून उगाळून त्या हातांना घट्टे पडलेले आहेत. भीम ते हात आपल्या तोंडावर ठेवतो आणि रडतो. सगळ्या भारतीय वाङ्मयात पुरुषानं बाईचा मान राखल्याची मला याहून मोठी जागा माहीत नाही. कीचकाला त्यानं मारलं ते पुढचं. आधी त्यानं घट्टे पाहिले.

यानंतर जे होतं ते पोथीतून अर्थ सांगणारे बहुधा गाळतात. कीचक मेल्यावर त्याचे भाऊ सैरंध्रीला प्रेताबरोबर जाळायला निघतात. भीम पुन्हा धावतो, तिला सोडवतो. आणि मग विराट राणीकरवी तिला निरोप देतो, की बाई, तू आता इथून जा, तुझ्यामुळं नगराला भय आहे. जिच्यावर अन्याय झाला तिनंच गाव सोडायचं. खेड्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

युरोपातल्या सरदारी कथा मी उशिरा वाचल्या, औरंगाबादला शिकायला होतो तेव्हा ग्रंथालयात बसून. राजा आर्थरच्या कथांचा टॉमस मॅलरीनं रचलेला मोठा ग्रंथ कॅक्स्टननं १४८५ मध्ये छापला. त्यात गोलमेजाचे सरदार दर पेंटेकोस्टच्या सणाला शपथ घेतात: दया मागेल त्याला दया करू, स्त्रियांच्या मदतीला धावू, त्यांच्यावर कधी जबरदस्ती करणार नाही. शपथ वाचून छाती भरून येते. पण मॅलरी नावाच्या ज्या सरदाराला बहुतेक अभ्यासक या ग्रंथाचा कर्ता मानतात तो तुरुंगात होता आणि त्याच्यावरच्या आरोपांत लुटीबरोबर बलात्काराचाही आरोप होता. तो खरा होता की वैऱ्यांनी रचलेला, हा वाद मी सोडवू शकत नाही. त्याहून मला अस्वस्थ केलं ते बाराव्या शतकाच्या अखेरच्या आंद्रेआस कापेलानुसच्या लॅटिन ग्रंथानं. दरबारी प्रेमाची सगळी रीतभात तो बारकाईनं सांगतो. उच्चकुलीन स्त्रीशी कसं बोलावं, किती झुरावं, किती नम्र असावं. आणि शेतकऱ्याच्या बाईवर मन गेलं तर? तर थोडी स्तुती करावी आणि संधी मिळताच जबरदस्ती करायला कचरू नये, असा त्याचा सल्ला आहे. काही जाणकार म्हणतात, हा ग्रंथ उपरोधानं लिहिलेला आहे. असेलही. मी त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि क्रांती चौकापर्यंत चालत गेलो. आमच्या घरातल्या सगळ्या बायका शेतकऱ्याच्याच होत्या.

आपल्याकडं वीराला आरसा दाखवण्याचं धाडस कुणी केलं असेल, तर आठव्या शतकातल्या भवभूतीनं. तो विदर्भातला, म्हणजे आमच्या शेजारचाच. 'उत्तररामचरिता'त रामाच्या अश्वमेधाचा घोडा वाल्मीकींच्या आश्रमापाशी येतो आणि लव त्याला अडवतो. लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू रथातून लढायला येतो. समोरचा पोरगा पायी आहे हे पाहून तो रथातून उतरतो, कारण रथीनं पायी माणसाशी लढू नये. किती देखणी जागा आहे ती. दोघांनाही ठाऊक नाही, की ते चुलतभाऊ आहेत. आणि मग बोलण्याला बोलणं लागतं आणि लव रामाच्या पराक्रमांचा हिशेब मांडतो. थोरांच्या चरित्राची चर्चा करू नये, असं म्हणत म्हणतच तो मांडतो: सुंदाच्या बायकोला, म्हणजे ताटकेला मारलं तो पराक्रम. खराशी लढताना तीन पावलं मागं सरले तो पराक्रम. आणि वालीला मारताना दाखवलं ते कौशल्य, तेही जगाला माहीत आहे.

हे बोलणारा पोरगा कोण? ज्याच्या आईला त्याच रामानं गरोदरपणी रानात सोडलं तो. त्याला ते अजून माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे. भवभूतीला राम प्राणाहून प्रिय होता. वज्राहून कठोर आणि फुलाहून कोमल असं थोरांचं मन कोण जाणू शकेल, हा त्याचाच श्लोक. ज्याच्यावर एवढी माया, त्यालाच पोटच्या पोराकडून जाब विचारायला लावणं हे फार मोठ्या लेखकाचं काम आहे.

घोड्यांचा विषय निघाला आहे तर एक पत्र आठवल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आमच्या मुलखानं घोडे पुष्कळ पाहिले. निजामशाहीचे, मोगलांचे, मराठ्यांचे, निजामाचे, पेंढाऱ्यांचे. हुरड्यात आलेल्या ज्वारीतून स्वारी गेली की ती कुणाची होती, यानं कुणब्याला काय फरक पडतो? हा प्रश्न एका राजानं स्वतःच्याच फौजेला विचारला होता. मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना पत्र लिहिलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि गवत आताच उधळाल तर पुढं घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. मग जे कुणबी कसेबसे जीव धरून घरात राहिले आहेत तेही निघून जातील, कित्येक उपाशी मरतील आणि त्यांना वाटेल, की मोगल मुलखात आले त्याहून तुम्ही अधिक. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, हेसुद्धा त्या पत्रात आहे.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आपण सगळे सांगतो. ती घडली की नाही, यावर इतिहासकार भांडतात. महाराजांची एरवी निंदा करणाऱ्या खाफीखान या मोगल इतिहासकारानंही लिहून ठेवलं आहे, की मशिदींना, कुराणाला आणि स्त्रियांना उपद्रव देऊ नये असा त्यांचा नियम होता. वैऱ्याच्या तोंडची ही साक्ष मोठीच आहे. पण मला विचाराल तर मी ते १६७३ चं पत्र वीरवाङ्मयाच्या पुस्तकात पहिलं छापीन. त्यात तलवार उपसलेली नाही. दिवा, उंदीर, गवत, भाजी आणि घाबरलेला कुणबी एवढंच आहे. घोड्यावरच्या माणसानं खाली वाकून पाहिलं, की त्याला काय दिसतं, ते त्यात आहे.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला चाळीस वर्षं लागली.

१९८३ च्या दिवाळीत मी औरंगाबादहून गावी आलो होतो. एका मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर गुरं राखणाऱ्या पोराला मार बसत होता. शेळी हरवली होती. पोरगा बारा-तेरा वर्षांचा, बाप त्याच घरी सालगडी. गुढीपाडव्याला साल ठरलं तेव्हाच उचल घेतलेली. पोराच्या पाठीवर आसुडाचे वळ उठले होते. मी मध्ये पडलो, आसूड धरला, आणि पुस्तकात वाचलेलं होतं नव्हतं ते सगळं बोललो. मी शिकलेला, भावकीतला. मालक थांबला. म्हणाला, "बरं, तुमच्या शब्दाखातर सोडला." लोकांनी पाहिलं. पोरानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती घेऊन मी दोन दिवसांनी एसटीत बसलो आणि कळंब सोडेपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

संक्रांतीला परत आलो तर त्यांची खोपी रिकामी होती. मालकानं मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळी उचल परत मागितली होती. ती फेडायची कशी? मुकादमाकडून नवी उचल घेऊन घरदार ऊसतोडीला गेलं होतं, पोरगाही गेला होता. पोराची म्हातारी आजी तेवढी मागं राहिली होती. मी तिच्यापुढं उभा राहिलो. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बापू, तुमी बोलून गेलाव. आमाला हितंच ऱ्हायचं हुतं."

त्यानंतर वर्षभरानं मी सेर्व्हांतेस या स्पॅनिश लेखकाचं 'डॉन किहोते' वाचलं. १६०५ साली आलेल्या पहिल्या भागात, घोड्यावर बसून निघाल्यावर लगेचच, या भल्या माणसाला रानात एक मेंढपाळ पोरगा झाडाला बांधलेला दिसतो. आंद्रेस त्याचं नाव. मालक त्याला पट्ट्यानं मारतो आहे. मेंढ्या हरवल्या असं मालक म्हणतो, नऊ महिन्यांचा पगार दिला नाही असं पोरगा म्हणतो. डॉन किहोते भाला रोखतो, मालकाकडून शपथ घेतो, की घरी गेल्यावर सगळे पैसे चुकते करीन. पोरगा कळवळून सांगतो, की हा शपथ पाळणारा माणूस नाही. पण वीराला वीराच्या शपथेवर विश्वास असतो. तो घोड्याला टाच मारतो, आपण पहिला अन्याय दूर केला या समाधानात निघून जातो. तो दिसेनासा होताच मालक पोराला पुन्हा झाडाला बांधतो आणि अर्धमेला होईस्तोवर मारतो.

लोक हे प्रकरण वाचून हसतात, असं मी ऐकून आहे. मला हसू आलं नाही. आणखी पुढं, पुष्कळ प्रकरणांनंतर, तो पोरगा पुन्हा भेटतो. डॉन किहोते बरोबरच्या माणसांना अभिमानानं सांगतो, की याला मी सोडवलं. पोरगा सगळ्यांसमोर खरं काय झालं ते सांगतो आणि विनवतो, की महाराज, पुन्हा कधी माझे कुणी तुकडे करताना दिसले तरी देवासाठी मला मदत करू नका. जाताना डॉन किहोतेचा चाकर सँचो पान्सा त्याला भाकरीचा तुकडा आणि चीज देतो. त्या सगळ्या दृश्यात पोराच्या कामाचं तेवढंच काय ते आहे.

सेर्व्हांतेसनं सरदारी कथांची खिल्ली उडवली असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मला तो खिल्ली उडवणारा वाटला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की वीर निघून गेल्यावर संध्याकाळी काय झालं? हजारो वीरकथांना हा प्रश्न कुणी केला नव्हता, कारण कथा वीराच्या घोड्याबरोबर पुढच्या गावी जात असे. झाडापाशी कुणी थांबतच नसे.

थांबलेल्या माणसाची गोष्ट मला आपल्याच भाषेत मिळाली, आणि तीही मराठी गद्याच्या अगदी पहिल्या झऱ्यापाशी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त ती आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी झाडाखाली बसलेले आहेत. पारध्यांनी एका सशावर कुत्री सोडली आहेत. ससा पळत पळत येतो आणि स्वामींच्या मांडीखाली शिरतो. कुत्री जागच्या जागी उभी राहतात. मागून पारधी येतात, म्हणतात, जी जी, ससा सोडावा. हा पैजेचा ससा आहे, याच्यासाठी सुऱ्या निघाल्या आहेत. स्वामी विचारतात, "एथ शरण आलेया काइ मरण असे?"

मग ते पारध्यांशी बोलतात. हे जीव रानात राहतात, झाडपाला खातात, नदीचं पाणी पितात, यांनी तुमचं काय केलं? पारधी ऐकतात, यापुढं मारणार नाही म्हणतात आणि जातात. ते गेल्यावर स्वामी मांडी उचलतात आणि सशाला म्हणतात, "महात्मे हो, आतां जाए."

इथं घोडा नाही, भाला नाही, पारध्यांचा अपमान नाही. बसलेला माणूस उठलासुद्धा नाही. सुऱ्या काढलेली माणसं समोर असताना मांडी हलू द्यायची नाही, एवढंच त्यानं केलं. सरदारी कथांत सोडवलेली राजकन्या वीराला मिळते. इथं सशाला 'महात्मे हो' म्हणून वाट मोकळी करून दिली आहे. आणि पारधी निघून जाईपर्यंत मांडी उचललेली नाही. हा क्रम मी विद्यार्थ्यांना दोन-दोनदा वाचायला लावत असे.

ही लीळा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला मोठीमाय आठवली.

१९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं आमच्या गावातली बरीच घरं निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीकडं गेली होती. आमचंही गेलं. मागं राहिलेल्या बैलांना चारा-पाणी केलं ते शेजारच्या पिंजाऱ्यानं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला आणि लोक परतू लागले. मोठीमाय तान्ह्या पोराला घेऊन पुढं आली, आजोबा अजून बार्शीलाच होते. आणि मग ते दिवस आले, ज्यांच्याबद्दल आमच्याकडं अजूनही खालच्या आवाजात बोलतात. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं ज्या चार जिल्ह्यांत मुसलमानांवर सर्वांत जास्त अत्याचार झाल्याचं नोंदवलं त्यात आमचा उस्मानाबाद जिल्हाही आहे. बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड.

पिंजारी रानात पळाला होता, ज्वारीत लपून बसला होता. त्याची बायको आणि दोन पोरी मागच्या दारानं आमच्या वाड्यात आल्या. मोठीमायनं त्यांना माळवदावरून बळदात उतरवलं. बळद म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार, वरून एक तोंड, आत अंधार आणि धान्याची धग. "आदी पान्याची घागर सोडली खाली, मग त्येंला," असं ती सांगायची. मग समोरचं दार उघडं टाकून ती उंबऱ्यावर बसली. उडीद नुकता निघाला होता. सूप मांडीवर घेऊन शेंगा फोडू लागली.

माणसं आली. त्यांच्या हातांत कुऱ्हाडी होत्या. परक्या गावची होती तशी आमच्या भावकीतलीही होती, आणि तिच्या दृष्टीनं अवघड होतं ते हेच. थोरल्या दिरांसमोर ती कधी पदर न घेता बसली नव्हती, ते आले की उठून आत जायची. त्या दिवशी ती उठली नाही. त्यांनी विचारलं, आत कोण आहे? ती म्हणाली, "माज्या लेकी हायत." तिला तेव्हा एकच तान्हा मुलगा होता आणि विचारणाऱ्यांना ते पक्कं माहीत होतं. ते बराच वेळ उभे राहिले. शेंगा फुटत राहिल्या. मग गेले.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं त्या तिघींना भाकरी बांधून दिली. पिंजारीही जिवंत परतला. पुढं कित्येक वर्षं थंडीच्या आधी तो आमच्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचा, पैसे घेत नसे, आणि मोठीमाय त्याला ज्वारीची पायली दिल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. कुऱ्हाडी घेऊन आलेल्यांपैकी एक जण गावातच म्हातारा झाला. लग्नाकार्यात ती त्यालाही पाण्याचा तांब्या द्यायची. या सगळ्याबद्दल मी कॉलेजात असताना तिला फार मोठमोठ्या शब्दांत काहीतरी म्हणालो होतो. ती म्हणाली, "मी काय केलं? नुस्ती बसले हुते."

ती थकल्यावर, तिच्या शेवटच्या हिवाळ्यात, मी तिला सशाची लीळा वाचून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं आणि महानुभावांची पोथी तिनं कधी ऐकली नव्हती. जुनी भाषा तिला आमच्यापेक्षा सोपी गेली. 'जाए', 'असे', 'एथ' यांना तिनं कुठंच अडवलं नाही. मी वाचून संपवलं. ती डोळे मिटून पडली होती, मला वाटलं झोप लागली. मग तिनं विचारलं, "त्या सशाला पानी पाजलं का न्हाई?"

मी पान पुन्हा पाहिलं. "तसं लिहिलेलं नाही."

"पळून पळून घसा वाळला आसंल की रे त्येचा," मोठीमाय म्हणाली.